टेकडी आणि घाट : पुण्यातील हौशी सायकल-प्रवासाचा ऐतिहासिक विचार

१

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यासंबंधीचा अठरावा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील डोंगररांगा, खिंडी, घाट आणि सडका ह्यांचे त्यातील वर्णन इतके तपशीलवार आहे की, आजही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास त्यावाचून पुढे जाता येत नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडातील कॉव्हेंट्री ह्या गावी जॉन केम्प स्टार्ले ह्याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाके, मध्ये बसणारा स्वार आणि मागील चाक फिरविणारी साखळी ही जी सायकलची आकृती आज सर्वत्र रूढ आहे, ती ह्या रोव्हरपासून स्थिर झाली. पुढे तीन वर्षांनी, म्हणजे १८८८ मध्ये, डनलॉपने हवा भरलेला रबरी टायर सिद्ध केला आणि खडबडीत सडकेवरूनही हे वाहन सुसह्य झाले. गॅझेटियरच्या संपादकांना स्टार्लेच्या उद्योगाची वार्ता असण्याचे कारण नव्हते आणि स्टार्लेला कात्रज किंवा दिवे ही नावे ठाऊक असणे शक्य नव्हते. तथापि, पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत पुण्याच्या रहिवाशाने सायकलवर बसून ज्या चढांची ओळख करून घेतली, त्यांचा इतिहास ह्या दोन स्वतंत्र घटनांच्या संगमातून घडलेला आहे.

हौसेने सायकल चालविणाऱ्या माणसापुढे एक साधा प्रश्न नेहमी उभा असतो : घरापासून निघून सकाळच्या दोन-तीन तासांत परत येता येईल, असा चढ कोठे सापडेल? प्रश्न किरकोळ दिसतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे इतके त्याचे महत्त्व आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर स्वाराच्या हौसेवर फारसे अवलंबून नसते. जमिनीची घडण, सडक बांधणाऱ्या सत्तेचे हेतू, वाहनाची यांत्रिक मर्यादा आणि नगराची वाढ ह्या चार गोष्टी मिळून ते उत्तर ठरवितात. म्हणूनच करमणुकीच्या इतिहासातील हा लहानसा प्रश्न नगराच्या इतिहासाकडे पाहण्याची एक उपयुक्त खिडकी ठरू शकतो. प्रस्तुत लेखात त्या खिडकीतून दिसणाऱ्या काही गोष्टी मांडण्याचा विचार आहे.

२

प्रथम भूमीचा विचार करू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, मुळा-मुठांच्या संगमालगत वसलेले आहे. जुन्या पेठा मुठेच्या काठच्या सखल व बहुतांशी सपाट भागात आहेत. ह्या सपाटीला दोन बाजूंनी उंचवटे भिडतात. पश्चिमेस चतुःश्रृंगी, हनुमान टेकडी, फर्ग्युसन व लॉ कॉलेजमागील टेकड्या आणि त्या सर्वांचा माथा शोभावी अशी सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी. दक्षिणेस पर्वती, तळजाई आणि त्यांच्या पाठीमागे सिंहगड-भुलेश्वर ही सलग डोंगररांग. ही सर्व भूमी लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या काळ्या पाषाणाची आहे. कठीण व मऊ थर एकाआड एक येत असल्यामुळे ह्या डोंगरांना सपाट माथे आणि पायऱ्यांसारखी अंगे लाभलेली आहेत. चढ एकसारखा नसतो. कडा, मग पठार, मग पुन्हा कडा, असा त्याचा क्रम असतो.

पायी चालणाऱ्यास ही रचना फार सोयीची आहे. एक दम लागला की लगेच विसावा मिळतो. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, तेव्हा तेथे जाण्यासाठी रुंद दगडी पायऱ्या घातल्या गेल्या आणि दोन-अडीच शतके पुणेकर त्या पायऱ्यांनी पर्वती चढत आले आहेत. नवरात्रात चतुःश्रृंगीस जाणारा भाविक, फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर संध्याकाळी फिरावयास जाणारा प्राध्यापक आणि पहाटे वेताळाच्या दर्शनास जाणारा तालीमबाज हे तिघेही एकाच परंपरेचे होत. ‘टेकडीवर जाणे’ ह्या शब्दप्रयोगाला पुण्यात जो विशिष्ट अर्थ आहे, तो पायांशी निगडित आहे.

चाकाला मात्र ही रचना प्रतिकूल आहे. पायरी चाकाची वैरीण. आणि कड्याच्या अंगाने सरळ जाणारी पायवाट चाकाला निरुपयोगी. चाकाला वर न्यावयाचे तर डोंगराच्या अंगावर तिरकी, वळणे घेत जाणारी, चढ मापून ठेवलेली वाट खोदावी लागते. अशा वाटेला मराठीत ‘घाट’ हा शब्द आहे. मूळ घाटवाटा ह्याही माणसांच्या व लमाणी बैलांच्या होत्या, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकात ‘घाट’ म्हणजे गाडीची वळणावळणाची सडक हा अर्थ जो दृढ झाला, तो चाकामुळेच होय. तेव्हा पुण्याच्या परिसरातील उंचवट्यांची, भूगोलाच्या नव्हे तर उपयोगाच्या दृष्टीने, दोन वर्गांत विभागणी करता येते : पायाची टेकडी आणि चाकाचा घाट. सायकलस्वाराच्या वाट्याला आला तो दुसरा वर्ग.

३

हे घाट सायकलीसाठी कोणी बांधले नाहीत. बोरघाटाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ह्या घाटाने तोफा नेता याव्यात म्हणून १८०४ च्या सुमारास वेलस्लीच्या सैन्याने वाट सुधारली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने गाड्यांच्या रहदारीस योग्य असा रस्ता करवून १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलांच्या जागी गाडी ओढणारे बैल आले, आणि देश व कोकण ह्यांमधील मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. दक्षिणेकडे साताऱ्यास जाणाऱ्या जुन्या वाटा बोपदेव व दिवे ह्या घाटांनी सासवडच्या बाजूस उतरत. कात्रजची सडक आणि तिच्या माथ्यावरील बोगदा हे ब्रिटिश अमदानीतील काम होय. ह्या सर्व कामांमागे लष्कर, टपाल, महसूल व व्यापार हे हेतू होते.

ह्या हेतूंबरोबर एक माप आले. गाडी ओढणारा बैल हा ह्या सडकांचा खरा मोजमापकार होता. डोंगराळ प्रदेशात सडकेचा सर्वसाधारण चढ वीस फुटांस एक फूट ह्याच्या आसपास राखावा, हा संकेत भारतीय रस्ते-बांधणीत दीर्घकाळ रूढ आहे; भरल्या गाडीचा बैल ह्याहून अधिक उभ्या चढावर फार वेळ टिकत नाही. ह्या मापाच्या मर्यादेचे प्रत्यक्ष दर्शन आजही दरवर्षी घडते. आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाटाने सासवडकडे जाते, त्या दिवशी रथाला नेहमीच्या बैलजोडीपुढे आणखी जोड्या जुंपाव्या लागतात. रथ तोच, सडक तीच; केवळ चढ आला म्हणून ओढणारे बळ वाढवावे लागते.

सायकलस्वाराला घाट चढता आला तो बैलाच्या ह्या मापामुळे. बैलाला जो चढ साध्य, तो माणसाला सायकलवर कष्टाने का होईना साध्य असतो. उलट, जेथे सडक मोटारीच्या बळावर विसंबून काढली गेली, तेथे स्वाराची गाठ कठीण चढाशी पडते. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्याकडे जाणारी मोटाररस्त्याची चढण ह्याचे उदाहरण होय. सुमारे १,३०० मीटर उंचीच्या ह्या गडाची सडक दिवे घाटाहून पुष्कळच उभी आहे, आणि म्हणूनच पुण्याच्या सायकलस्वारांत ती आजही कसोटीची समजली जाते. ज्या गडाचे नाव ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री दोराने कडा चढून जाणाऱ्या मावळ्यांशी जोडलेले आहे, तो गड चाकालाही सहज वश होऊ नये, हे त्याच्या लौकिकास शोभणारेच आहे.

४

परंतु घाट असणे पुरेसे नव्हते. सायकलीचे यंत्र त्याला अनुरूप असावयास हवे होते. येथे थोडे गणित मांडल्यास विषय स्पष्ट होईल.

विसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात सर्रास दिसणारी सायकल ही २८ इंची चाकांची, पोलादी नळ्यांची, एकाच वेगाची होती. राले, बी.एस.ए., हर्क्युलिस, हंबर ह्या विलायती सायकलींचा लौकिक मोठा. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी.आय., सोनपतची अॅटलास, लुधियानाची हिरो असे देशी कारखाने १९४९ ते १९५६ ह्या काळात उभे राहिले, परंतु आकृती तीच राहिली. उदाहरणादाखल पुढच्या चक्राला ४४ व मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरू. पायडलाचा एक फेरा पूर्ण झाला की अशी सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. वीसास एक ह्या चढावर तेवढ्यात ती सुमारे २७ सेंटिमीटर उंच चढते. स्वार ६५ किलोग्रॅम व सायकल २० किलोग्रॅम असे एकूण ८५ किलोग्रॅमचे ओझे प्रत्येक फेऱ्यास एवढे उचलावयाचे. मिनिटास ४० फेरे ही मंद गती धरली तरी वेग ताशी १३ किलोमीटर होतो, आणि चढाचे काम, टायरांचे घर्षण व हवेचा अडथळा मिळून सुमारे १९० वॅट, म्हणजे पाव अश्वशक्ती, इतके बळ सतत लागते. दिवसभर राबणाऱ्या मजुराचे सरासरी काम अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्श्याएवढे धरण्याचा प्रघात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या मागणीचा अर्थ कळतो. वेग कमी करून ही मागणी थोडी उतरविता येते, पण पायावरील दाब उतरत नाही. पायडलावर सरासरी २५ किलोग्रॅमचा दाब द्यावा लागतो, आणि पाऊल खाली जातानाच्या क्षणी तो ह्याच्या दुपटीकडे जातो. स्वाराला गादीवरून उठून जवळजवळ उभे राहूनच पायडल दाबावे लागते.

ह्यावर उपाय होता तो वेग बदलण्याच्या योजनेचा, म्हणजे गियरचा. तीन वेगांची स्टर्मी-आर्चर तुंबी इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली होती. फ्रान्समध्ये सेंट एतिएन येथील पॉल द व्हिव्ही, ज्याला ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनावाने ओळखतात, तो डोंगरात हिंडणाऱ्या हौशी स्वारांसाठी अनेक वेगांच्या सायकलीचा हिरिरीने पुरस्कार करीत होता. उलट, १९०३ मध्ये ‘तूर द फ्रांस’ ही शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला हे साधन म्हणजे दुबळेपणाची कबुली वाटे. त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गियरला १९३७ पर्यंत मुभा नव्हती. मध्यंतरी, १९१० मध्ये, ह्या शर्यतीचा मार्ग पिरेनीज पर्वतातील तुर्माले खिंडीतून नेण्यात आला, तेव्हा उत्तमातील उत्तम स्वारही काही अंतर सायकल हाताने ढकलीत गेले. पुण्यातील सामान्य स्वाराने कात्रजच्या चढावर खाली उतरून सायकल हातात धरली, तर त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. यंत्रशास्त्राचा तो सरळ परिणाम होता.

ह्या संदर्भात परदेशी प्रवाशांचेही एक उदाहरण उद्बोधक आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन ह्या अमेरिकन दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात हजारो मैल सायकलने प्रवास केला आणि १९०४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या नावातच भारतीय मैदानाचा निर्देश आहे. पुढे हिमालय व काराकोरम ह्यांची ओढ लागल्यावर ह्या दांपत्याने सायकल बाजूस ठेवली आणि गिर्यारोहण पत्करले. मैदानासाठी चाक व पर्वतासाठी पाय, ही विभागणी पुण्यापुरती नव्हती.

५

आता नगराकडे वळू. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आश्रम हिंगण्यास गेला १९०० मध्ये. त्या काळी तीन-चार मैल पायी चालणे हा मध्यमवर्गीय जीवनाचा सामान्य भाग होता. पुढील अर्ध्या शतकात ह्याच अंतराची सायकल ही धनी झाली. प्रा. धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. तीत ज्या नगराचे चित्र दिसते, ते कारकून, शिक्षक, कारागीर व लहान व्यापारी ह्यांचे नगर आहे. नदीकाठची सपाट भूमी, पेठांतील आखूड अंतरे आणि मर्यादित मिळकत ह्या तिन्ही गोष्टी सायकलीस अनुकूल होत्या. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून होता; १९४६ मध्ये तेथेच किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा कारखाना निघाला आणि १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाला. कामगारांच्या पाळीच्या वेळी सायकलींची जी रांग रस्त्यावर लागे, तिने पुण्याला ‘सायकलींचे शहर’ हे नाव मिळवून दिले. नगरपालिकेचा कर भरल्याची खूण म्हणून सायकलीवर बिल्ला लावावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा कोणास डबलसीट घेतले, तर पोलीस हटकत. स्वतःची सायकल नसणाऱ्यास ती तासाच्या भाड्याने मिळे. ह्या सर्व गोष्टी त्या वाहनाच्या सार्वत्रिकतेच्या निदर्शक आहेत.

अशा नगरात हौशी सायकल-प्रवास हा वेगळा छंद म्हणून उभा राहिला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सायकल गरजेची होती. रविवारी वा सुट्टीत तीच हौसेची होई. महाविद्यालयीन तरुणांचा गट पहाटे निघे, खडकवासल्याच्या तलावावरून सिंहगडाच्या पायथ्याशी पोहोचे, तेथे सायकली ठेवी आणि गड पायी चढे. पर्वती, चतुःश्रृंगी येथेही हाच क्रम. सायकल पायथ्यापर्यंत आणि पाय माथ्यापर्यंत, अशी ही वाटणी होती. कात्रज किंवा दिवे घाट चढून जाणारे काही उत्साही असत. पण तेथेही चढाचा पुष्कळ भाग सायकल हातात धरून चालण्यात जाई आणि आनंदाचा भाग परतीच्या उतारावर मिळे. आजच्या हौशी स्वारास चढ हे साध्य वाटते. त्या पिढीस चढ हे उताराचे मोल वाटे.

ह्या सर्वसामान्य पार्श्वभूमीवर दोन अपवाद उठून दिसतात. पहिला दूरच्या प्रवासाचा. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे जगप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. दुसरा अपवाद शर्यतीचा, आणि आपल्या विषयास तो अधिक जवळचा आहे. मुंबई-पुणे सायकल-शर्यतीत स्वारांना खोपोलीहून बोरघाट चढून वर यावे लागते. संपूर्ण शर्यतीच्या विजेत्याखेरीज घाटमाथ्यावर प्रथम पोहोचणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याचा प्रघात ह्या शर्यतीने पाडला. ‘तूर द फ्रांस’मध्ये डोंगरातील उत्तम स्वारासाठी वेगळे पारितोषिक १९३३ पासून देण्यात येऊ लागले, त्याचेच हे मराठी रूप होय. परंतु नावाचा मान घाटाला मिळाला, पर्वताला नव्हे. हे आपल्या भूमीला व भाषेला धरूनच झाले. १८३० मध्ये गाडीसाठी मापलेला चढ शंभरावर वर्षांनी माणसाच्या दमाची कसोटी ठरला.

६

गरजेच्या सायकलीला उतरती कळा लागली ती पुण्याच्याच उद्योगातून, हा इतिहासाचा एक उपरोध म्हणावा लागेल. आकुर्डीचा बजाज कारखाना स्कूटर बनवू लागला आणि १९७२ मध्ये त्याची चेतक आली. त्याच वर्षी कायनेटिकची लूना ही लहान, पायडल असलेली मोटारसायकल बाजारात आली. लूनाची पायडले ही सायकलीची आठवण होती. स्वाराने ती फारशी वापरली नाहीत. नगर पेठांबाहेर पसरले, कोथरूड, धनकवडी, वारजे ही गावे उपनगरे झाली, अंतरे वाढली, आणि नवी वस्ती टेकड्यांच्या उतारांना भिडली. सपाट पेठेसाठी योग्य असलेली एकवेगी सायकल ह्या चढउतारांच्या नगरात अपुरी पडू लागली. २०११ च्या शिरगणतीत महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ३१ लाखांवर गेली, आणि २०१८ मध्ये नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक झाल्याचे जाहीर झाले.

नगराने सायकलीला परत बोलावण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही रस्त्यांच्या कडेस सायकलमार्ग आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला आणि त्याच वर्षअखेरीस भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. ही योजना दोन-तीन वर्षांतच मावळली. त्याच २०१७ मध्ये कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय खुले झाले. जे वाहन दारोदार होते, ते संग्रहालयात पाहण्याची वस्तू झाले, हा कालक्रम अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

आणि नेमक्या ह्याच काळात हौशी सायकल-प्रवास पुण्यात नव्या जोमाने वाढला. अनेक वेगांच्या, हलक्या सायकली नव्या शतकात सहज मिळू लागल्या. मघाचे गणित पुन्हा मांडले तर ह्या बदलाचा अर्थ कळतो. पुढे-मागे सारखेच दाते असतील असा सर्वांत हलका वेग निवडला आणि सायकलीचे वजन १२ किलोग्रॅम धरले, तर त्याच वीसास एक चढावर मिनिटास ६० फेऱ्यांनी ताशी आठ किलोमीटरचा वेग राखण्यास सुमारे ९३ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा आठवा हिस्सा, पुरतो. मागणी निम्म्यावर आली. घाट आहे तेथेच राहिला. रथाला जादा बैलजोडी जुंपावी तसे गियरने स्वाराला साहाय्य केले. चाळीस-पन्नास वर्षांचा, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा मनुष्यही आता दिवे किंवा बोपदेव घाट न उतरता चढू शकतो. फ्रान्समधील ऑदाक्स क्लब पारिझियेनच्या नियमांनी होणाऱ्या २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या दीर्घ फेऱ्यांत पुण्याचे स्वार मोठ्या संख्येने भाग घेऊ लागले. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने सुमारे २९,००० किलोमीटरांची जगप्रदक्षिणा सायकलने पुरी केली, ती एकोणीस-वीस वर्षांच्या वयात.

ह्या नव्या हौशी स्वाराने घराजवळच्या चढांची जी यादी तयार केली, तीत जुन्या यादीहून एक महत्त्वाचा फरक आढळतो. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला व त्यावर सायकलीस बंदी असल्यामुळे जुनी सडकच बोरघाटात सायकलीची वाट राहिली. कात्रजलाही नवा बोगदा व वळणरस्ता झाल्यावर जुन्या घाटावरील काही भार उतरला. म्हणजे मोटारीने टाकून दिलेल्या किंवा दुय्यम ठरविलेल्या सडका सायकलीला लाभल्या. उलट वेताळ टेकडीवर एक वेगळीच गोष्ट घडली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेचे आवार ह्या टेकडीवर आहे आणि तेथवर डांबरी सडक जाते. कोथरूडच्या स्वाराला नोकरीवर जाण्यापूर्वी चढून येता येईल, असा हा सर्वांत जवळचा चढ. मोटारीच्या संशोधनासाठी झालेला रस्ता सायकलीच्या व्यायामाचा झाला. पायाच्या टेकडीवर चाकाचा घाट प्रथमच पोहोचला.

७

येथे इतिहास वर्तमानाला भिडतो आणि प्रश्न गंभीर होतो. टेकडी व घाट ही विभागणी जोवर टिकून होती, तोवर टेकडी आपोआप सुरक्षित होती; तिच्यावर चाक जाऊ शकत नव्हते, म्हणून तेथे वस्तीही जाऊ शकत नव्हती. टेकड्यांच्या उतारांवरील वस्ती आणि बालभारती ते पौड फाटा हा टेकडीवरून नेण्याचा प्रस्तावित रस्ता, ह्यांवरून पुण्यात दीर्घकाळ वाद चालू राहिला. पूर्वी महापालिकेबाहेर असलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्याची कल्पना ह्याच काळजीतून पुढे आली. टेकडीवर पहाटे फिरावयास जाणाऱ्या नागरिकांनी ह्या चळवळीत जो पुढाकार घेतला, तो पर्वतीच्या पायऱ्यांपासून चालत आलेल्या परंपरेचाच आविष्कार होय.

ह्या वादात सायकलस्वाराची भूमिका अवघड आहे. टेकडीवरच्या पायवाटांनी रुंद टायरांच्या सायकली नेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. खडकावर मातीचा व मुरमाचा थर पातळ असतो; चाकांनी पडलेली चाकोरी पहिल्या पावसात ओहोळ होते आणि ओहोळ माती वाहून नेतो. टेकडीचा मित्र म्हणून आलेला स्वार नकळत तिचे नुकसान करू शकतो. दुसऱ्या बाजूस, घाटातील सडका रुंद होऊन वेगवान मोटारींच्या स्वाधीन झाल्या, तर स्वाराला तेथेही जागा उरत नाही. रस्ता रुंद होतो तेव्हा त्याचा चढ सौम्य होतो, हे खरे; पण त्या सौम्यतेचा लाभ घेण्यास कडेला सुरक्षित हातभर जागा लागते.

इतिहासाच्या अभ्यासातून ह्यावर थेट उपाय निघत नाही. तसा दावा करणे उचितही नव्हे. परंतु दोन गोष्टी त्यातून निश्चित दिसतात. पहिली ही की, हौशी स्वाराचा चढ नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेतून तयार झालेला असतो. बैलगाडीवाला, टपालवाला, वारकरी, लष्कर, कारखाना ह्यांनी रस्ता मागितला, आणि हौस मागाहून त्यावर आली. म्हणून सायकलीच्या सोयींचा विचार केवळ पहाटेच्या व्यायामापुरता केला, तर तो विचार अपुरा व अल्पजीवी ठरण्याचा संभव आहे. आजही दूध, वर्तमानपत्रे वा हत्यारांची पिशवी घेऊन सायकलने कामावर जाणारा माणूस पुण्यात आहे. त्याची एकवेगी सायकल चढावर त्याला खाली उतरवितेच. उड्डाणपुलाचा चढ ठरविताना बैलाइतकाही विचार त्याचा होत नाही. त्याच्यासाठी जो रस्ता योग्य होईल, तो हौशी स्वारासही योग्य होईल. ह्याचा व्यत्यास मात्र खरा नाही.

दुसरी गोष्ट ही की, टेकडी आणि घाट ह्यांतील भेद पूर्वजांनी कोणत्याही ठरावाने केलेला नव्हता. तो पाषाणाने व बैलाच्या दमाने केलेला होता. आता यंत्राचे बळ एवढे वाढले आहे की, हा भेद निसर्ग राखील अशी आशा धरता येत नाही. तो राखावयाचा असेल, तर नागरिकांना जाणून-बुजून राखावा लागेल : घाट चाकाला मोकळा व निर्धोक, टेकडी पायाला राखीव. ज्या नगरात घरापासून तासाभरात पाच घाट गाठता येतात, तेथील स्वाराने टेकडीच्या पायथ्याशी सायकल ठेवून वर चालत जाण्यात काही गमावण्यासारखे नाही. आधीच्या पिढ्यांनी सिंहगडाच्या पायथ्याशी नेमके हेच केले होते, आणि गड त्यांना दुरावला नाही.